एस. जी. टी. म्हणजे कोण?

कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षं नोकरी केली, पण तिथे मी नेमकं काय करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. "रंगांच्या कंपनीत लायब्ररी कशाला लागते गं, सुलभा?" असं त्या दर दोन-तीन महिन्यांनी विचारायच्या. डोंबिवलीतल्या आमच्या शेजारणींना वाटायचं, हिला कादंबऱ्या फुकट वाचायला मिळतात. कादंबरी आमच्याकडे एकही नव्हती. होती ती जाडजूड जर्नलं, पेटंटांचे गठ्ठे आणि भिंतभर लाकडी खण, कार्डांनी भरलेले.

काम साधं होतं. कंपनीच्या शास्त्रज्ञाला एखादा नवा रंग बनवायचा असला, तर तो आधी कुणी बनवून पाहिलाय का, पाहिला असेल तर काय झालं, भांडं फुटलं की माणूस भाजला, हे शोधून द्यायचं. त्यासाठी जगभरातून येणारं वाचायचं आणि प्रत्येक लेखाचं सार चार-पाच ओळींत कार्डावर उतरवायचं. ऐंशीच्या दशकात अशी निवडक कार्डं टाइप करून, सायक्लोस्टाइल करून, आम्ही दर महिन्याला एक सारांश-पत्रिका काढायचो. ती दुसऱ्या कंपन्यांच्या आणि कॉलेजांच्या लायब्रऱ्यांना पाठवायची, त्या बदल्यात त्यांचे रिपोर्ट आपल्याकडे मागवायचे. शाई बोटांना लागायची ती दोन दिवस जायची नाही. मला त्या शाईचा अभिमान होता.

मग नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला, जगभरच्या लेखांच्या सूची भरलेल्या सीडी आल्या. फोनच्या वायरीतून किंचाळत जोडलं जाणारं इंटरनेट आलं. ज्या शोधाला पूर्वी पंधरा दिवस लागायचे तो चहा गार व्हायच्या आत होऊ लागला. आमचे रिसर्चचे प्रमुख कामतसाहेब पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "पेठेबाई, या विषयावर जगात जे जे असेल ते सगळं काढा." मी काढलं. प्रिंटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत करकरत होता आणि त्यातून निघालेली कागदाची घडी शिपायाने ढकलगाडीवर घालून साहेबांच्या केबिनमध्ये नेली. चार दिवसांनी साहेब स्वतः खाली आले. चेहरा उतरलेला.

"यातलं खरं कुठलं, तेवढं सांगा," ते म्हणाले.

तेव्हापासून माझं काम बदललं. आधी मी माहिती मिळवून देत होते, आता माहितीच्या ढिगातून माणसांना बाहेर काढायला लागले. मी सगळ्यांना एकच सांगायचे: किती जण सांगतायत ते मोजू नका. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय की दुसऱ्याचं ऐकून सांगितलंय, ते बघा. आणि मूळ वाचा. नव्या मुलांना मी हे इतकं ऐकवायचे की ती माझ्यामागे माझी नक्कल करायची. त्याचंही मला बरंच वाटायचं.

बाहेरच्या अभ्यासकांना आम्ही शनिवारी दुपारी लायब्ररीत बसू द्यायचो. अशाच एका शनिवारी डॉक्टर अस्मिता साळवी आल्या. तिशीच्या आतबाहेर, खांद्याला फुगलेली पिशवी. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ त्यांचा लहानसा दवाखाना होता. कारखान्यातल्या कामगारांच्या आजारांवर त्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होत्या. त्यांच्या दवाखान्याच्या आसपास प्लेटिंगचे गाळे होते. नळ, सायकलची हँडलं, पंख्याच्या जाळ्या क्रोमच्या हौदात बुडवून चकचकीत करायचं काम तिथे चालायचं.

"मॅडम, त्या हौदाची वाफ नाकात जाते ना," त्या सांगू लागल्या, "तर नाकाच्या मधल्या पडद्याला जखम होते आणि हळूहळू भोक पडतं. दुखत नाही, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. माझ्याकडे बबन म्हणून एक पेशंट आहे. एका नाकपुडीत टॉर्च धरला, तर उजेड दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर दिसतो."

मी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला.

"पण मी आले ते वेगळ्या कारणासाठी." त्यांनी पिशवीतून प्रिंटआउटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "कॉलेजच्या सीडीवर शोधलं. चाळीसेक लेख मिळाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की नाकात आतून पेट्रोलियम जेली लावली की पडदा वाचतो. मी त्यावर विश्वास ठेवून वर्षभर या लोकांना लावायला लावलं. बबन तर इमानदारीत रोज लावतो. तरी भोक मोठंच होतंय. चाळीस जण खोटं बोलतायत, की माझा पेशंट?"

मला हुरूप आला. असा प्रश्न वर्षातून एखादाच येतो.

"डॉक्टर, चाळीस साक्षीदार आहेत खरे," मी म्हटलं, "पण त्यातल्या कितींनी डोळ्यांनी पाहिलंय ते आधी बघू."

पुढचे तीन शनिवार आम्ही दोघी त्याच टेबलावर बसलो. पद्धत सोपी असते, फक्त चिकाटी लागते. प्रत्येक लेखात जेलीचं वाक्य कुठे आहे ते शोधायचं आणि त्या वाक्यासाठी त्याने कुणाचा आधार दिलाय ते बघायचं. मग तो आधार गाठायचा, मग त्याचा आधार. मी एक मोठा कागद पसरून त्यावर वंशावळ काढायला घेतली. नातवंडं खाली, त्यांच्यावर आईबाप, त्यांच्यावर आजे. पहिल्याच दिवशी कळलं की चाळिसातल्या बहुतेकांनी स्वतः एकाही कामगाराचं नाक तपासलेलं नव्हतं. त्यांनी एकमेकांचं वाचून लिहिलं होतं. कुणी 'काही अंशी उपयोग होतो' असं लिहिलं होतं, त्याचं पुढच्याने 'उपयोग होतो' केलं, त्याच्या पुढच्याने 'उपयोग सिद्ध झाला आहे' केलं.

"अहो, हे काय आहे!" डॉक्टर साळवी हतबुद्ध झाल्या होत्या. "मोठमोठ्या जर्नलांत छापलंय हे."

"छापलंय म्हणून तर पुढच्याने तपासलं नाही," मी म्हटलं. मोठ्या आढ्यतेने म्हटलं, हे आज कबूल करते.

तिसऱ्या शनिवारी कागदावरच्या सगळ्या रेघा वर सरकत सरकत एका ठिकाणी येऊन मिळाल्या. सगळ्यांत जुन्या लेखाने मूळ रिपोर्ट पाहिलेला नव्हता. त्याने एका सारांशाचा आधार दिला होता. पत्रिकेचं नाव वाचून डॉक्टर हसल्या. "मॅडम, ही तुमच्याच कंपनीची पत्रिका आहे की! इथेच असेल."

इथेच होती. बांधीव खंड तिसऱ्या कपाटात. मी खंड आणला, अंक काढला आणि बोटाने ओळी शोधत खाली आले. दोन वाक्यं होती. क्रोम प्लेटिंगच्या कामगारांना नाकात लावायला दिलेल्या पेट्रोलियम जेलीमुळे नाकाच्या पडद्याचं संरक्षण झाल्याचं दिसतं. जेलीचा वापर चालू ठेवण्याची शिफारस केली आहे. बस्स. आणि खाली, सारांश करणाऱ्याची असतात तशी, तीन इंग्रजी आद्याक्षरं.

"एस. जी. टी.," डॉक्टर वाचत होत्या. "हे एस. जी. टी. म्हणजे कोण? कुठे भेटतील?"

लग्नाआधीचं माझं नाव सुलभा गोविंद तांबे.

माझ्या कानात एकदम दडे बसल्यासारखं झालं. समोर डॉक्टर काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी खंड मिटला. "बघते," एवढंच म्हटलं. "जुन्या कुणीतरी असतील. चौकशी करून सांगते." त्या उठून, थँक्यू म्हणून, गेल्यासुद्धा. मी तशीच बसून राहिले. शिपाई दिवे बंद करायला आला तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, बरं नाही का वाटत?"

खरं सांगते, मला तो सारांश लिहिल्याचं आठवत नव्हतं. आठवायचा किती प्रयत्न केला. त्या महिन्यात घरी कुणी आजारी होतं का, मी तापात होते का, साहेबांनी घाई केली होती का. काहीतरी कारण सापडलं असतं तर जीव थोडा थाऱ्यावर आला असता. काही सापडलं नाही. तो नोकरीतला एक साधा दिवस होता आणि ते एक साधं कार्ड होतं.

सोमवारी मी मूळ रिपोर्ट शोधायला निघाले. अदलाबदलीत आलेले जुने रिपोर्ट खाडीकडच्या शेडमध्ये ठेवलेले असायचे. अख्खा दिवस धुळीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. एका प्लेटिंग कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहिलेला, वीस-बावीस पानांचा, कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेला. मला एक सवय होती. पान वाचून झालं की मी त्याच्या तळाशी पेन्सिलीने बारीक खूण करायचे. पहिल्या पानावर खूण होती. शेवटच्या पानावर होती. मधल्या एकाही पानावर नव्हती.

तिथेच एका खोक्यावर बसून मी ती मधली पानं वाचली. पहिल्यांदा.

त्या डॉक्टरांनी कारखान्यातले दोन विभाग तपासले होते. जेली दोन्हीकडे देत होते. एका विभागात हौदाच्या काठाला वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि नळकांडं होतं, दुसऱ्यात नव्हतं. जिथे पंखा होता तिथली नाकं बरीचशी धड होती. जिथे नव्हता तिथे जेली लावूनही पडद्यांना भोकं पडलेली होती. त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की वाचवतो तो पंखा, नुसत्या जेलीच्या भरवशावर माणसं हौदावर उभी करू नयेत. शेवटच्या पानावर शिफारशी होत्या: जेली चालू ठेवावी, आणि दुसऱ्या विभागातही पंखा ताबडतोब बसवावा. मी त्यातली पहिली तेवढी उचलली होती, आणि जेलीने संरक्षण होतं हे त्यावरून स्वतःच गृहीत धरलं होतं.

मी रिपोर्ट घेऊन सरळ कामतसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "पेठेबाई, पत्रिका बंद होऊनही जमाना झाला. आता उकरून काय मिळणार? उगीच कंपनीचं नाव येईल."

"पण साहेब, त्या डॉक्टर विचारतायत, एस. जी. टी. कोण."

"सांगा, होत्या एक. लग्न झालं, गेल्या. खोटं थोडंच आहे?"

मला धक्का बसला, पण त्यांच्या बोलण्याचा नव्हे. दोन दिवस शेडमध्ये धूळ खाताना हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, माझ्या मनात येऊन गेलं होतं.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी विठ्ठलवाडीला गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. दवाखान्यात दोन-तीन पेशंट होते. डॉक्टर साळवींनी मला बघून खुर्ची पुढे केली. "अरे वा, मॅडम! सापडले का एस. जी. टी.?"

"मीच ती," मी म्हटलं. "माझं माहेरचं नाव तांबे." आणि पिशवीतून रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचायला घेतला. मधल्या पानांशी पोचल्यावर हळूच खाली बसल्या. मला वाटत होतं, ओरडाव्यात, काहीतरी बोलाव्यात.

"मी स्वतःच्या हाताने त्यांना डब्या वाटल्या, मॅडम," शेवटी त्या म्हणाल्या. "एक बाई म्हणत होती, पंखा बसवायला सांगा ना शेठला. मी तिला म्हटलं, एवढं लावलं तरी पुरे आहे. पुरे आहे, असं मी म्हटलं." "तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"नाही."

बाकावर बसलेला एक माणूस आमच्याकडे बघत होता. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. तो बबन. पस्तिशीचा असेल, हातांची बोटं पिवळट पडलेली. डॉक्टरांनी टॉर्च घेतला, त्याची मान मागे केली आणि उजव्या नाकपुडीत उजेड टाकला. डावी नाकपुडी आतून लालबुंद पेटली. मी ते वाक्य जवळजवळ महिन्याभरापूर्वी कानांनी ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी टेबलाची कड धरली.

"घाबरू नका बाई, दुखत नाय," बबनच मला म्हणाला. "फक्त वास येत नाय कशाचा. आणि शीळ वाजते रात्रीची. पोरं हसतात."

डॉक्टरांनी त्याला सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. मी कोण, काय लिहिलं, काय झालं. काहीही लपवलं नाही. तो ऐकत होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल, नाहीतर शिवी देईल. द्यायलाच हवी होती.

"म्हणजे मलम लावत होतो ते फुकटच?" त्याने विचारलं.

"पंखा नसेल तर, हो," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. "मग हे शेठला सांगायला पायजे. तुम्हीच चला. शेठकडे तुमचा कागद हाय."

"माझा कागद?"

"जेलीचा. तो दाखवतो सगळ्यांना."

गाळा दोन गल्ल्या सोडून होता. आत पाय टाकताच घसा खवखवला. तीन हौद, त्यांच्यावर पिवळसर धुकं आणि त्या धुक्यात चार माणसं वाकून उभी. एकीच्या हातात लेकराच्या सायकलचं हँडल होतं. शेठ मागच्या लाकडी केबिनमध्ये बसलेले. डॉक्टरांना ते ओळखत होते. पंख्याचा विषय निघताच त्यांनी खणातून प्लास्टिकची फाइल काढली आणि एक झेरॉक्स आमच्यापुढे सरकवली. आम्ही कागदावर काढलेल्या वंशावळीतलाच एक लेख होता. जेलीच्या वाक्यावर पिवळ्या पेनाने रेघ मारलेली.

"बघा, शास्त्रज्ञांनी लिहिलंय," शेठ म्हणाले. "आमच्या सल्लागाराने आणून दिलंय. जेली मी देतो. डब्यांवर डबे देतो. मग पंखा कशाला?"

माझं वाक्य. एका खाटेएवढ्या केबिनमध्ये, शेठच्या खणात, पिवळ्या रंगाने सजवून ठेवलेलं. लायब्ररीत बसून मी इतकी वर्षं समजत होते की आमचे कागद कपाटात राहतात.

"हे मूळ मी लिहिलंय," मी म्हटलं, "आणि ते चुकीचं आहे. खरा रिपोर्ट हा आहे."

शेठनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "चुकीचं होतं, तर तेव्हा लिहिलं कशाला?"

मी तिथेच एक कोरा कागद मागितला आणि मूळ रिपोर्टात काय आहे त्याचं सार मराठीत लिहून काढलं, पानोपान उलटत, एकेक ओळ पडताळत. डॉक्टरांनी खाली त्यांची सही केली, मी माझी. या वेळी आद्याक्षरं न घालता पूर्ण नाव घातलं, माहेरचं आणि सासरचं. शेठनी कागद घेतला, बघू म्हणाले. डॉक्टर साळवींनी त्यांना नुसतं बघू दिलं नाही. त्या कागदाच्या प्रती त्यांनी कामगार खात्यात दिल्या, प्रत्येक गाळ्यात नेऊन दिल्या. अडीच-तीन महिन्यांनी त्या गाळ्यात पंखा बसला. दुसऱ्या एकाने बसवला. बाकीच्यांनी नाही बसवला.

मी मात्र दुरुस्तीची पत्रं पाठवत सुटले. ज्यांनी ज्यांनी ते वाक्य वापरलं होतं त्या लेखकांना, जर्नलांना, सीडी काढणाऱ्यांना. कामतसाहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग पोस्टाच्या रजिस्टरवर मुकाट्याने सही करत गेले. उत्तरं फार थोडी आली. एकाने लिहिलं, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. सीडीवाल्यांनी कळवलं की तयार झालेली सीडी बदलता येत नाही, पुढच्या आवृत्तीत टीप घालू. एका परदेशी प्राध्यापकांनी फार मनापासून आभार मानले. त्याच आठवड्यात एक नवाकोरा लेख हातात आला. त्यात माझं वाक्य होतं, आणि त्याखाली आधार म्हणून त्याच प्राध्यापकांचा जुना लेख होता. मी तो टेबलावर पालथा घातला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. ते वाक्य आता माझं राहिलं नव्हतं. माझ्याशिवाय, मला न विचारता, ते हिंडत होतं.

डॉक्टर साळवींचा प्रबंध पूर्ण झाला. त्यातलं हे प्रकरण त्यांनी मला आधी वाचायला दिलं. त्यांनी लिहिलं होतं, 'एका माजी सारांशकाराच्या नजरचुकीमुळे'. मी 'माजी' खोडलं, 'नजरचुकीमुळे' खोडलं, त्या जागी 'रिपोर्ट न वाचल्यामुळे' असं लिहिलं आणि पुढे माझं नाव घातलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, एवढं नको." मी म्हटलं, "असू दे. पुढे कुणी शोधत आलं तर सरळ पोचेल."

नोकरीची उरलेली वर्षं मी कुणाला 'मूळ वाचा' असं ऐकवलं नाही. त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर वाचू लागले. वेळ जास्त लागायचा. चालायचं.

बबन मला शेवटचा भेटला तो वर्षभराने, कल्याणच्या बाजारात. भाजी घेत होता. प्लेटिंग सोडून वॉचमनची नोकरी धरली होती. नाकाचं भोक भरत नसतं, ते तसंच होतं. कोथिंबिरीची जुडी त्याने सवयीने नाकाशी नेली आणि हसून पिशवीत टाकली. मी विचारलं, जुन्या गाळ्यात कधी जाता का?

"जातो की. दोस्त हायेत तिथं." मग म्हणाला, "तुमचा तो कागद शेठनी भिंतीला चिकटवलाय. वाफेनं पार पिवळा पडलाय, अक्षर दिसत नाय. वाचत तर कुणीच नाय, बाई. पण पंखा चालू असतो."